सवच्या पाण्यात बुडवलेला हात

भाताचे भारे वाहताना बांधावरून पाय घसरला आणि मी उजव्या मनगटावर पडले. महाडच्या डॉक्टरांनी हाड बसवून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे पाणी लागू द्यायचं नाही, असं बजावलं.

तिसऱ्या आठवड्यात आतली खाज आणि ठणका इतका वाढला की जेवण जाईना. सासूबाईंना बघवेना.

"चल गो, सवला जाऊ. त्या ऊन पाण्यानं माझे गुडघे चालाया लागले, तुझ्या हाताचं काय घेऊन बसलीस."

डॉक्टर नको म्हणालेत, असं मी म्हटलं, पण तोंडातल्या तोंडात. सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, कुंडाशी त्यांनीच माझा हात धरून बुडवला. खरं सांगायचं तर बरं वाटलं. घरी येईपर्यंत प्लास्टर भिजल्या पिठासारखं झालं. त्यांनी वर फडकं गुंडाळलं आणि मला चुलीपुढं बसवलं.

प्लास्टर काढलं तेव्हा मनगट पळीसारखं वाकलेलं. मूठ मिटेना. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून हाड पुन्हा मोडावं लागेल, आत तारा घालाव्या लागतील. नवऱ्याला सहीला बोलवा. हे भिजलं कसं?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"घागर लवंडली," मी म्हणाले.

नवरा मुंबईला गिरणीत. पत्रं सासरे लिहायचे, खाली दोन ओळी मी. या वेळी सासूबाई म्हणाल्या, "त्याला कशाला घोर? वाकडा तर वाकडा, हात हाय ना जाग्यावर." सासऱ्यांनी लिहिलं, हात सुधारतो आहे. खाली लिहायला मला हात नव्हता.

दोन दिवसांनी मी कोनाड्यातलं कार्ड घेतलं आणि डाव्या हातानं लिहायला बसले. चार ओळींना सबंध दुपार गेली. हात वाकडा जुळला आहे, पुन्हा मोडायचा आहे, सही लागते, या. सवचं लिहिलं नाही. पोस्टमन ओटीवर पाणी प्यायला थांबला तेव्हा त्याच्या हातात दिलं.

हे मुंबईहून आले, सही केली, ऑपरेशन झालं. नवीन प्लास्टरमध्ये पुन्हा सहा आठवडे. सासूबाई मला घास भरवायच्या, वेणी घालायच्या, लुगडं नेसवायच्या. इतक्या जवळ असून सवचं नाव आम्ही दोघींनीही काढलं नाही.

मुंबईला परत निघताना नवऱ्यानं विचारलं, "प्लास्टरच्या हातानं घागर उचलायला तुला कुणी सांगितलं होतं?"

सासूबाई दारात तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. सूप पुन्हा वाजू लागलं.

हात पुष्कळ सुधारला. भाकरी थापता येते, एका कडेला जाड राहते एवढंच. पाहुण्यांनी हाताचं विचारलं की हे अजून सांगतात, "हिला धीर नाही. मोडक्या हातानं घागर उचलायला गेली." सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. आता सांगितलं तर कुणाचं काही बिघडणार नाही. तरी मी उठते आणि चहा ठेवायला आत जाते.