भावोजींच्या मालिकेवर खरं मत

बाइंडर कामाला भावोजींच्याच छापखान्यात आणि राहायलाही त्यांच्याच वरच्या खोलीत. लग्न झालेलं नव्हतं. ताईच्या हातचं जेवण, भावोजींच्या हातचा पगार. त्यामुळे भावोजींनी कालप्रवासाची मालिका लिहायला घेतली तेव्हा पहिला वाचक कोण, हा प्रश्नच उरला नाही. छापलेले कागद दुमडता दुमडता तो वाचायचा. संध्याकाळी मशीन थांबलं की भावोजी चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "काय, कसं वाटलं?"

"झकास!" तीन भाग त्याने या एका शब्दावर काढले.

चौथा बांधणीला आला, त्याच सुमारास दुसऱ्या गावच्या मोठ्या छापखान्यातून त्याला बोलावणं आलं. पण 'मी जातो' म्हणायला जीभ रेटेना. मग त्याने ठरवलं, खरं मत देऊन टाकायचं. भावोजी भडकतील, चालता हो म्हणतील, की सुटलो.

"भावोजी, नाही जमलं," बोटांवरचा डिंक खरवडत तो म्हणाला. "तुमचा शास्त्रज्ञ कुठल्याही शतकात जातो आणि बटण दाबलं की घरी. भूक नाही, दमणं नाही, यंत्र कधी बिघडत नाही. ज्याला केव्हाही परत येता येतं, त्याची काळजी मी कशाला करू? आणि त्याची बायको! हा दोनशे वर्षं मागे जाऊन येतो, ती साधं विचारत नाही, होतात कुठे? पहिला भाग बरा होता. पुढचे मी जांभया देत वाचले."

भावोजी मटकन खुर्चीत बसले. बाइंडर मनातल्या मनात बॅग भरू लागला.

"इतकं बारकाईनं वाचलंस?" भावोजींनी चष्मा काढून पुसला. "बाकीचे नुसते छान छान करतात रे! अगं, ऐकलंस का? घरात संपादक आहे आपल्या!"

ताई हात पुसत बाहेर आली. "मी म्हणत नव्हते? पुढे छापखानाही हाच बघेल." इतकी खुललेली ताई त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"उद्यापासून माझ्या शेजारी बसायचं," भावोजी म्हणाले. "अजून सहा भाग डोक्यात आहेत. शास्त्रज्ञाला अडकवू कुठेतरी. कसा, ते तू सांग."

नोकरीची गोष्ट बाइंडरच्या अगदी ओठांवर आली होती. ताईने खुर्ची पुढे सरकवली. तो बसला.

"आधी यंत्र बिघडू दे," तो म्हणाला.

"आणि त्या बायकोलाही बोलू द्या जरा," ताई म्हणाली.

दुसऱ्या छापखान्याला त्याने नकार कळवला. पाचवा भाग खरोखरच चांगला उतरला, म्हणजे पुढचेही सगळे आता त्याच्याच गळ्यात, आणि त्याचंच बाइंडरला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.