सातवा नियम

ती दुपार विसरावी असे मला कधी वाटले नाही. वसईतल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. गिरीजचे एक शिक्षक घामाघूम होऊन आले. त्यांची तेरा वर्षांची मुलगी शिकवणीला म्हणून निघाली, ती तिथे पोहोचलीच नव्हती.

मुलगी अल्पवयीन, म्हणून अपहरणाचा गुन्हा नोंदवला, वर्णन बिनतारीवरून कळवले आणि तिचा फोटो रिक्षाचालकांच्या ग्रुपवर पाठवला. मग मी तिच्या फोनविषयी विचारले. शिक्षकांनी फोन टेबलावर ठेवला आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"साहेब, फोन घराबाहेर न्यायचा नाही, देव्हाऱ्याच्या, आमच्या आल्ताराखालच्या डब्यात ठेवायचा. नियम दुसरा. ही बघा तिची सही."

कागदावर बारा नियम टंकलेले होते. पहिला फोन हाती देताना बापलेकीने त्याखाली सह्या केल्या होत्या. आपल्या घराला शिस्त आहे, याचा पुरावा म्हणून त्यांनी तो आणला होता. मी फोन उघडून पाहिला. सगळे संदेश पुसलेले होते. तेरा वर्षांचे मूल उगाच काही पुसत नाही.

तेवढ्यात एका रिक्षाचालकाचा फोन आला. "साहेब, फोटोतली पोरगी मी कळंबला सोडली. रडत होती. विचारलं तर बोलली, मावशीकडे चाललेय."

कळंबला त्या कुटुंबाचे कोणीच नव्हते.

लहान मुलांसमोर गणवेश नको, म्हणून आम्ही साध्या वेशात निघालो. शिक्षक सोबत होते. किनाऱ्याजवळ एका कोळीणबाईने मुलीला आपल्या ओट्यावर बसवून ठेवले होते.

"पानी पाजलंय. बोलत नाय काय," बाई म्हणाल्या. "आनि मास्तर, तुमी लांबच उभे रावा. तुमाला बघून पोर जास्तच आकसली."

आमच्या महिला हवालदार मुलीशेजारी बसल्या. "बाळा, कुणाला घाबरलीस? पप्पांना का नाही सांगितलंस?"

मुलगी इतकेच म्हणाली, "सातवा."

मी कागद उलगडला. 'अनोळखी व्यक्तीशी बोलल्यास फोन कायमचा जप्त. शाळेखेरीज बाहेर जाणे बंद.'

माझे कान तापले. ठाण्यात तक्रार घेऊन आलेल्या माणसालाच आधी कोठडीत टाकले, तर ठाण्याची पायरी कोण चढेल? या घराने नेमका तोच कायदा केला होता, आणि लेकराकडून त्यावर सहीही घेतली होती.

"मास्तर, सातवा खोडा."

"साहेब, आत्ता? इथे?"

"आत्ताच. खाली लिहा, घाबरलीस तर आधी आमच्याकडे ये, शिक्षा होणार नाही. सही करा. वेळ घाला."

त्यांनी सातवा खोडला, खाली ती ओळ लिहून सही केली. वेळ घातली, चार पन्नास. मुलीने ती ओळ दोनदा वाचली. मग वर पाहिले.

"पप्पा, तो पाच वाजता येणार आहे."

शाळकरी मुलगी असल्याचे भासवून कोणीतरी तिच्याशी ओळख वाढवली होती. मग तिचा फोटो बदलून तो चर्चच्या ग्रुपवर टाकण्याची धमकी दिली आणि तिला एकटीला किनाऱ्यावर बोलावले. पाचला एक मोटार येऊन थांबली. आमच्या दोघा जवानांनी त्या इसमाला दारातच धरले. इंजिन चालूच होते. त्याच्या फोनमध्ये आणखी दोन मुलींचे फोटो निघाले.

परवा माझ्या नातीच्या शाळेने पालकांना फोनच्या नियमावलीचा नमुना पाठवला. प्रत्येक नियमाखाली शिक्षा, आणि भ्यालेल्या मुलाने कुणाकडे जावे, याबद्दल एक अक्षर नाही! मी मुख्याध्यापकांना तीन पत्रे लिहिली. उत्तर नाही. चौथे आज पोचपावतीसह धाडले आहे. नियम करू नका, असे मी म्हणत नाही. माझा जन्म नियम पाळण्यात आणि पाळवून घेण्यात गेला. पण पहिला नियम कोणता, ते मला कळंबच्या ओट्यावर कळले.

त्या दिवशी आम्हाला दहा मिनिटे मिळाली. ती पोलिसांनी कमावलेली नव्हती. एका बापाने स्वतःचाच नियम खोडून ती आम्हाला दिली होती.