मिलुंकाला कुमा व्हायचं होतं

लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. लघवीबद्दल कोण वाचणार, असं वाटून सोडूनच देणार होते. तर मिलुंकाच म्हणाली, "लिही गं, लाजतेस काय!" म्हणून लिहितेय.

चाचाक शहराच्या बाजूला, प्लमच्या बागांमधलं तिचं गाव. तिथेच झाडावरून पडली, मणका मोडला, कमरेखालचं सगळं गप्प झालं. तेव्हापासून चाकांची खुर्ची, आणि ठरलेल्या वेळी लघवीसाठी स्वतःच्या हाताने घालायची नळी. त्याचं तिला काही नव्हतं. वैताग होता तापाचा. लघवी गढूळ झाली, पाय आपोआप झटके द्यायला लागले, हुडहुडी भरली, की चालली बाई दवाखान्यात. परत परत.

"वारा लागला!" सासूबाई स्तानियांचा निकाल ठरलेला. समोरासमोरच्या खिडक्यांतून येणारा वारा हाच त्या गावात सगळ्या दुखण्यांचा बाप. त्या खिडक्या लावायच्या, तिला लोकरीचे मोजे चढवायच्या. भर जुलैत!

"आई, उकडून मरेन मी."

"उकडलेली चालेल, गारठलेली नको."

भाची यागोदाच्या लग्नात मिलुंका कुमा होणार होती. कुमा म्हणजे लग्नाची साक्षीदार, जन्मभराचं नातं. घरातली मागची दोन कार्यं तिने तापात काढली होती. आता परत आजारी पडली, तर तिच्या जागी दुसरीच कुणी उभी राहणार.

लग्नाआधी मिलुंका आणि सासूबाई यागोदाकडे गेल्या. रिवाजाप्रमाणे चमचाभर मुरांबा आणि पेलाभर पाणी पुढे आलं. मिलुंकाने मुरांबा खाल्ला, पाण्याला हात लावला नाही.

"पाणी का ठेवलंस?" सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "परवा शेजारीही ठेवलंस. लोकांचा अपमान करत फिरतेस काय?"

"प्यायले की नळी घालावी लागते, आई. इथे संडास वरच्या मजल्यावर. बाहेर जायचं असलं की मी आदल्या दिवसापासूनच पाणी पिणं बंद करते. नळीची वेळही पुढे ढकलते."

"आणि डॉक्टर?"

"ते ओरडतात, पाणी पी, वेळ चुकवू नकोस. मी म्हणते, हो हो, सगळं करते."

"म्हणजे लघवी आत साठून नासते," सासूबाईंनी कपाळाला हात लावला, "आणि मी बावळट खिडक्या लावत बसलेय!"

लग्नाच्या दिवशी यागोदाच्या घरी चर्चला निघायची गडबड, ट्रम्पेटवाले जोरात, गाड्यांचे हॉर्न. नेमकी तेव्हाच नळीची वेळ.

"राहू दे, चर्चनंतर बघू," मिलुंका म्हणाली.

"नंतर बिंतर काही नाही!" सासूबाईंनी तळमजल्यावरची खोली सकाळीच ताब्यात घेतली होती. आत साबण, पाणी, धुतलेला टॉवेल, नवीकोरी नळी. दारात त्या स्वतः उभ्या.

"कुमा कुठेय? पाद्री थांबलेत!" नवऱ्या मुलाचा काका ओरडला.

"कुमा कामात आहे! ट्रम्पेटवाल्यांनो, वाजवा अजून एक गाणं!"

त्यांनी वाजवलं. आत मिलुंकाने हात धुतले आणि सगळं निवांत उरकलं.

चर्चमध्ये ती यागोदाच्या मागे होती, हातात जळती मेणबत्ती, कपाळ गार. पुढे हिवाळ्यात एकदा ताप आलाच, खोटं कशाला सांगू. पण पूर्वीसारखा पाठ धरून नाही.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी कार्याला येणं बंद केलं असेल, आणि सगळे म्हणत असतील, तब्येत बरी नसते त्यांची. त्यांच्याकडे जाऊन या ना, नेमकं अडतं कुठे ते विचारा. याच रविवारी. फोन नको, जाच.