गायरानाची फॅट

झाकण ठेवलं आणि यंत्राचा आकडा जो सुटला, तो थांबायचं नावच घेईना. आणखी थोडा वेळ ठेवलं असतं तर झाकण उडून थेट हुपरीत कुणाच्या तरी चांदीच्या पैंजणांवर पडलं असतं.

जागा हातकणंगले तालुक्यातलं एक गायरान. पूर्वी बारमाही पाणथळ. मग चर मारून पाणी काढलं, गवत माजलं. पण पाण्याखाली दबलेला जुना काडीकचरा हवा लागताच झपाट्यानं कुजतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो मोजणं हे माझं काम. जमिनीत स्टीलची रिंग ठोकायची, वर हवाबंद झाकण ठेवायचं, आत गॅस किती वाढतो ते यंत्र सांगतं.

रिंगमध्ये बोट घातलं. शेणकाला, ताक, वर गूळ! एवढं तर मला लग्नाच्या पंगतीतही कुणी वाढलं नव्हतं.

शेजारी उभ्या असलेल्या गावच्या सरपंचांना विचारलं, “सरपंच, हे काय?”

“खुराक हाय, सायेब! शेजारच्या गावाचंबी मोजलंया न्हवं तुमी? त्यांच्यापरास आमची फॅट जास्त लागाय पायजे की!”

डेअरीत दुधाची फॅट बघतात, तशी मी मातीची बघतोय, असा गावाचा समज.

तिथूनच पुण्याला बॉसना फोन लावला. “सर, हे रीडिंग बाद. गावानं रिंगमध्ये ताक-गूळ ओतलाय, हा गॅस त्याचा आहे.”

“वेडे आहात का? हेच ठेवा. आता जास्त दिसलं, की पुढं पाणी अडवल्यावर मोठी घट दाखवता येते, तेवढे कार्बन क्रेडिट जास्त विकता येतात. ते विकत घेणारा क्लायंट उद्या येतोय. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, लक्षात आहे ना?”

लक्षात होतं. फोन ठेवून सरपंचांना सांगितलं, “इथं ज्याचा आकडा जास्त, त्याचा नंबर शेवटचा.”

“म्हंजे आमी नापास?”

“व्हय. उद्या पडद्यावर, सगळ्यांदेखत.”

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत बॉसनी तो आकडा पडद्यावर लावला. सरपंच उठले. आवाज असा, की कबनूरचे यंत्रमाग बंद पडावेत.

“ओ पावणं! ह्यो आकडा आमच्या मातीचा न्हाय, आमच्या ताक-गुळाचा हाय! तुमच्या माणसानं कालच फोनवर सांगिटलंय की तुमास्नी, माझ्यासमोर!”

क्लायंटनं बॉसकडं बघितलं. बॉसनी पंख्याकडं.

नव्या रिंगा ठोकल्या. आकडा शेजारच्या गावापेक्षा जरासा कमी आला. सरपंचांनी पेढे वाटले. माझं कॉन्ट्रॅक्ट मात्र वाढलं नाही. कारण दिलं, ‘टीम स्पिरिट कमी’.

आता नव्या कंपनीत रिंग ठोकण्याआधीच मी गावाला सांगून टाकतो, इथं कमी आकडा चांगला. बॉसमंडळींना मात्र सांगत नाही. त्यांना ते आधीपासून ठाऊक असतं.