बीजेची भरती

अमावस्येला चंद्र नसतो असं आपण म्हणतो. तो असतो. भर दुपारी सूर्याच्या जवळच, आपल्या डोक्यावर असतो. दिसत नाही एवढंच. शाळेत मी हे नोकरीभर शिकवलं. आता निवृत्त होऊनही बराच काळ गेला. पेणमध्ये मुलाच्या फ्लॅटवर राहतो. खाडी इथून दिसत नाही, तिचा वासही येत नाही. तरी अमावस्येच्या दुपारी जेवून आडवा झालो की वरून कोणीतरी बघतंय असं वाटत राहतं आणि डोळा लागत नाही. पुढचे दोन दिवस त्याहून वाईट जातात.

आमचं गाव धरमतर खाडीच्या काठचं. भाताची शेतं उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली आणि मध्ये फक्त मातीचा बांध. त्या बांधाचा एकेक तुकडा एकेका घराच्या वाट्याला. आपल्या तुकड्यात चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळं पाडली की ज्याची त्याने ती चिखल दाबून बुजवायची. मी त्याच गावच्या शाळेत मास्तर होतो आणि माझाही वाटा होता, पण तो मी गडी लावून सांभाळायचो.

माझ्या वाट्याला लागून ज्याचा वाटा होता, त्याच्याविषयी हे लिहितो आहे. तो शेतकरी. लावणी उरकली की हमरापूरला गणपतींच्या कारखान्यात रंगकामाला जायचा. जिभेचा तिखट. बांधाच्या कामाला सगळं गाव जमलेलं असताना एकदा म्हणाला, "मास्तर बगा, चपला हातात घेऊन आलाय. पायाला चिखल लागला तर सरकार पगार कापतं त्याचा." लोक पोट धरून हसले. मीही हसलो. घरी जाऊन मात्र जेवलो नाही.

त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. भरती रोज उशिरा का येते, हे मी मुलांना शाळेच्या अंगणात उभं करून दाखवलं होतं. एक मुलगी पृथ्वी. ती जागच्या जागी गिरकी घेणार. त्याची मुलगी चंद्र, ती पृथ्वीभोवती हळूहळू चालणार. पृथ्वीची एक गिरकी पूर्ण होईपर्यंत चंद्र पुढे सरकलेला, मग त्याच्यासमोर यायला पृथ्वीला आणखी थोडं वळावं लागतं. तेवढा उशीर म्हणजे रोजचा पाऊण तासाहून थोडा जास्त. मोठ्या उधाणाचंही सांगितलं होतं. अमावस्येला सूर्य आणि चंद्र एकाच बाजूने पाणी ओढतात, पण पाणी जड, ते लगेच कुठलं हलतंय? म्हणून सगळ्यात उंच भरती अमावस्येला नाही, एक-दोन दिवसांनी येते. आमच्याकडे प्रतिपदेपेक्षा बीजेची भरती उंच असायची. गावात हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. का, ते मला ठाऊक होतं.

त्या वर्षी पिठोरी अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या अंगणात आला. मुलगी त्याचं बोट धरून उभी होती.

"मास्तर, तीन दिवस हमरापूरला हाय मी. गणपती तोंडावर आलेत, शेठ सोडत नाय. माझ्या वाट्यावर जरा नजर ठेव."

"बघतो," मी म्हणालो.

"नुसती नजर. हात नको घालू चिखलात. काय दिसलं तर कोणालाबी हाक मार, झालं."

तो चेष्टेतच बोलला असेल. मला ते टोचलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भर दुपारी, पाणी चढलेलं असताना, मी बांधावर गेलो. माझा तुकडा ठीक होता. त्याच्या तुकड्यात, आतल्या अंगाला, अंगठ्याएवढी धार लागली होती. धार गढूळ होती. बांधातून निवळ पाणी झिरपलं तर फारसं भ्यायचं कारण नसतं. गढूळ आलं म्हणजे आतली माती सुटून येते आहे. दोन ओंजळी चिखल आणि वर टाच दाबली असती तरी त्या दिवसापुरतं भागलं असतं. हाकेच्या अंतरावर माणसं होती.

मी उभा राहिलो. मनात आलं, गळू दे. त्याचं शेत थोडं खारं होईल, चार लोक त्याला बोलतील, मग कळेल हसणं काय असतं. लगेच दुसरा विचार आला तो हिशेबाचा: उद्या पाणी याहून वर येणार, परवा त्याहून वर. मला कोणी विचारलं असतं तर मी फळ्यावर काढून दाखवलं असतं. मी घरी गेलो आणि पुरणाचं जेवण जेवलो.

प्रतिपदेला बांधाकडे फिरकलो नाही.

बीजेला दुपारच्या सुट्टीनंतर मी वर्गात पाढे घेत होतो. आधी बायकांचा ओरडा ऐकू आला. बाहेर आलो तेव्हा बांधाला बैलगाडी जाईल एवढी खांड पडली होती आणि खाडीचं पाणी पोटरीला आलेल्या भातात पसरत होतं. दोन दिवसांवर गणपती. त्या वर्षी आमच्या गावात लोकांनी मूर्ती डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून घरी नेल्या. माणूस एकही गेला नाही. जमिनीत मीठ बसलं ते पुढचे दोन-तीन पावसाळे निघालं नाही. तोवर कितीतरी घरची माणसं कंपन्यांत कंत्राटी कामाला लागली, ती पुन्हा शेतावर आली नाहीत.

विसर्जनानंतर देवळात बैठक झाली. त्याला मधोमध बसवलं होतं. नखांत अजून गणपतींच्या पितांबराचा पिवळा रंग होता.

"मी मास्तरला सांगून गेलतो," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे वळले. म्हाताऱ्या गावकाराने विचारलं, "व्हय मास्तर? बोलला होता हा?"

"नाय," मी म्हणालो. "मला काय बोलला नाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चिडला असता तर बरं झालं असतं. नुसता बघत राहिला, जसा एखादा मुलगा आपलं बरोबर उत्तर चूक दिलेलं बघतो. मग मान खाली घातली आणि शेवटपर्यंत वर केली नाही.

त्या जागेला गावाने त्याचं नाव दिलं. अमक्याची खांड. ते नाव मी इथे लिहीत नाही. वर्षभरात तो बायको-मुलीला घेऊन रोह्याला गेला, तिथे कारखान्यात हमाली केली.

मुलांना मी सोपं करून सांगायचो की चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. पुरतं खरं ते नाही. दोघं मिळून एका बिंदूभोवती फिरतात. तो बिंदू पृथ्वीच्या पोटातच आहे, पण मधोमध नाही. त्यामुळे चंद्राच्या ओढीने पृथ्वीही डोलत असते, आणि वरच्या माणसाला वाटतं आपण स्थिर आहोत. मीही गावात स्थिर होतो. बढती झाली, सत्कार झाला. तो तिकडे होता आणि मी इकडे डोलत होतो. बीजेच्या दुपारी, नळ बंद असतानाही, मला धारेचा आवाज यायचा. कासंडीत दूध पडतं तसा. अजून येतो.

यंदा तो वारल्याचं कळलं. मी एसटीने नागोठण्यावरून रोह्याला गेलो. मुलीचं शिलाईचं छोटं दुकान आहे. तिने मला ओळखलं, स्टूल दिलं आणि मशीन चालूच ठेवलं. मी सगळं सांगितलं.

"मला काय सांगताय गुरुजी," ती म्हणाली. "मी होते की अंगणात. 'बघतो' म्हणालात तुम्ही."

"तू तेव्हा बोलली नाहीस."

"आईला बोलले. ती म्हणाली, गप बस गो, मास्तरच्या म्होरं आपलं कोण ऐकतंय." तिने दोरा दाताने तोडला. "बाबांनी तुमचं नाव कधी काढलं नाय. आईच काढायची, शिव्या द्यायला. तुम्ही गावात सांगा. तिथं पायजे ते."

मी गावात गेलो. देवळात बसलेल्या माणसांसमोर उभं राहून सांगितलं की तो मला सांगून गेला होता, मी धार पाहिली होती आणि मी खोटं बोललो. म्हाताऱ्यांपैकी दोघे उरलेत. एकाला नीट ऐकू येत नाही. दुसरा म्हणाला, "मास्तर, आता ती जमीनच इकली आमी. कशाला उकरता?" एका तरुणाने मोबाईलवरून मान वर केली. "अमक्याची खांड ना? तिथं माती टाकून रस्ता करतायत. ते माणसाचं नाव हाय व्हय? मला वाटलं, नुसतं जागेचं."

मी तिला फोन करून हे कळवलं. पलीकडे मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे नाव तेच राहणार," ती म्हणाली.

"हो."

"मग लिहा. फळ्यावर लिहायचात तसं, वाचता येईल असं."

तर लिहितो. तो बांध सोडून गेला नव्हता, माझ्यावर सोपवून गेला होता. ती खांड त्याची नाही. धरमतरच्या खाडीत उद्या बीजेची भरती आहे, आणि त्या जागेचं जे कोणी यापुढे नाव घेतील त्यांनी माझं घ्यावं: मास्तरची खांड.