तासाभराचा श्रोता

सिहोऱ्यात आमचा एक गट आहे. एकाने दुसऱ्याचं तासभर काम करायचं आणि बदल्यात स्वतःचं तासभर काम करून घ्यायचं. त्या गटातले एक मिशाळ काका माझ्या छपरावरची कवेलं फेरायला, म्हणजे कौलं काढून परत नीट बसवायला, आले. काम सुरेख झालं. बदल्यात मी काय करू, असं विचारताच त्यांनी सायकलला बांधलेली बाजाची पेटी सोडली.

“घंटाभर माह्यं गाणं आयका.”

त्यांनी नाटकातलं पद धरलं. शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

“काका, गाणं ऐकवायला छपरावर चढायचे एवढे कष्ट कायले करता?” मी मध्येच विचारलं.

“फुकट बोलावलं त लोक मधातच उठून जातेत. माह्या कामाचा घंटा फेडाचा असला का बसूनच राहतेत!”

मी अर्धवट उठलो होतो. मुकाट्याने परत बसलो.