ठुमलीबाईने मांडलेली नऊ पानं

आधीच सांगून टाकते, या सदरातले अमानवीय अनुभव मी आजवर वाचले ते हसण्यासाठी. मांजर आडवं गेलं तर मला मांजराची काळजी वाटते. आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त लोणच्यात असते. मी शाळेत पी.टी. शिकवते, "मॅडम, मैदानाच्या कोपऱ्यात बाई दिसते" म्हणणाऱ्या मुलींना मी त्याच कोपऱ्यापर्यंत चार फेऱ्या मारायला लावल्या आहेत. आता मीच हे लिहायला बसले आहे, म्हणजे हसायची पाळी तुमची. हसा... फक्त शेवटपर्यंत वाचा.

नंदुरबार जिल्हा म्हटल्यावर काहींना अस्तंब्याच्या डोंगरावर भटकणाऱ्या शापित चिरंजीवाची ती नेहमीची गोष्ट अपेक्षित असेल. ती ही नाही. अस्तंब्याला मी अकरा वेळा जाऊन आले. प्रत्येक वेळी पाय दुखले, बाकी काही झालं नाही.

माझं गाव तळोद्याजवळ. घरची शेती आहे — ऊस, केळी, पपई. हिवाळ्याच्या सुट्टीत मी सातपुड्यात चालण्याच्या सहली काढायचे. अगदी नवख्यांसाठी नाही, आणि दोरावर लोंबकळणाऱ्यांसाठीही नाही. ज्यांनी चार-सहा ट्रेक केलेत, दिवसाला पाच-सहा तास चालू शकतात, अशांसाठी. मोलगीहून निघायचं, पाड्यांवर मुक्काम करत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्मदेच्या पाण्याला उतरायचं आणि तिथून बोटीने मणिबेलीच्या बाजूला. आठ पाहुणे, पुढे सायसिंग, मागे मी. एवढाच आमचा कारभार.

सायसिंग पावरा. वयाने माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याच्या लग्नाआधी पाच वर्षं तो माझ्या वडिलांच्या शेतावर वर्षाच्या बोलीवर सालदार होता, त्यामुळे आमची अहिराणी अगदी आमच्यासारखी बोलायचा. मी त्याला सायसिंगभाऊ म्हणायचे, तो मला ताई. पाहुण्यांनी "अजून किती?" विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं — "आलंच." मग तास लागो की तीन. यावरून मी त्याला फार चिडवायचे. डोंगरात मात्र मी डोळे मिटून त्याच्या मागे जात असे.

आमचा एक नियम होता. जेवताना पाहुणे आधी, आम्ही नंतर. नियम मीच केला होता. सायसिंगच्या बाबतीत त्याची गरजही नव्हती. आमच्या शेतावरही तो सगळ्यांच्या मागूनच जेवायचा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तर ती शेवटची बॅच. तिसरा दिवस. सकाळी एक नाला ओलांडायचा असतो, तिथे पाण्याने गुळगुळीत झालेला कातळ आहे. दरवेळी सायसिंग दोर बांधून खाली उभा राहतो आणि एकेकाला हात देऊन पलीकडे घेतो. त्या दिवशी आठ जणांना पार करायला पाऊण तास गेला, कारण कर्णिक सर. पुण्याचे, बँकेतून निवृत्त, वय एकसष्ट. फॉर्ममध्ये "गुडघ्याचा त्रास — नाही" असं ठणकावून लिहिलेलं, आणि आता गुडघ्याला पट्टा. माणूस मोठा गोड, पण खोटारडा. पलीकडे गेल्यावर त्यांनीच सायसिंगचा दोर धरलेला फोटो काढला. त्या फोटोवर वेळ आहे दहा वाजून बावन्न मिनिटं. ही वेळ लक्षात ठेवा, मला तर ती विसरताच येत नाही.

नाल्यापासून दोन तासांची चढण चढून वरच्या पाड्यावर पोचायचं. तिथे ठुमलीबाईच्या घरी दुपारचं जेवण. ठुमलीबाई म्हणजे सायसिंगची सख्खी मावशी. वय झालेलं, पण नजर अशी की अजून सुईत दोरा स्वतः ओवते. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, म्हणून आदल्या आठवड्यात सायसिंग स्वतः जाऊन सांगून आला होता: दहा माणसं, मक्याची भाकरी, उडदाची दाळ.

आम्ही पोचलो तेव्हा एक वाजला होता. ओसरीवर पळसाची पानं मांडून ठेवलेली. मी सवयीने मोजली. नऊ.

मी म्हटलं, "मावशी, आम्ही दहा आहोत." मला त्यांची पावरी भाषा फारशी बोलता येत नाही, पण कळते. ती सायसिंगकडे बघून हसली आणि म्हणाली, हाच तर सकाळी येऊन सांगून गेला की नऊ जणांचंच कर, एकाला जेवायचं नाही. दहा जणांचं पीठ काढलं होतं, त्यातलं एकाचं परत डब्यात टाकलं म्हणाली.

मी विचारलं, सकाळी म्हणजे कधी? तर पीठ मळायच्या आधी, ऊन अंगणातल्या मोहाच्या बुंध्याशी होतं तेव्हा. मी त्या बुंध्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं... अकराच्या आसपास. अकराला सायसिंग नाल्यात पाण्यात उभा होता. आठही जणांनी त्याचा हात धरला होता.

पाहुण्यांना मजा वाटली. कुणी तरी म्हणालं, सायसिंगभाऊंना पंख आहेत. मीही हसले. सायसिंग हसला नाही. तो मावशीशी हळू आवाजात दोन-तीन वाक्यं बोलला, ती मान हलवून तेच तेच सांगत राहिली. मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "मी तं तुम्हना संगेच व्हतू, ताई. म्हातारी शे ती. तिले काय समजस."

मावशी म्हणाली, थांबा, अजून दोन भाकरी टाकते. चूल विझत आली होती, पीठ पुन्हा मळावं लागणार. मी घड्याळ पाहिलं. बोटवाला पाचपर्यंतच थांबणार होता, आणि त्याला खाली कळवायची सोय नव्हती. मी म्हणाले, राहू द्या, उशीर होतोय. सायसिंगला म्हटलं, माझ्यातली अर्धी घे.

"पाव्हणासले जेवू द्या, ताई. मी मांगून खासू."

मी आग्रह केला नाही. तो बाहेर मोहाखाली बसून बिडी ओढत राहिला आणि आम्ही नऊ जण नऊ पानांवर जेवलो. माझ्या सॅकमध्ये राजगिऱ्याचे लाडू होते, अख्खं पाकीट. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले. ते सायसिंगला द्यावेत हे माझ्या डोक्यातही आलं नाही. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

उलट डोक्यात आलं ते भलतंच. मला वाटलं, झालं की खरं! एकाला जेवायचं नव्हतं, तो जेवला नाही, मिटलं. पण तेवढ्यात माझं लक्ष कर्णिक सरांच्या पानाकडे गेलं. भाकरीचा एक तुकडा मोडलेला, बाकी सगळं तसंच. चेहरा पांढरा. विचारल्यावर कबूल केलं की रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि तीही फॉर्ममध्ये लिहिलेली नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. कुठल्याही शहाण्या लीडरने गुडघा आणि रक्तदाब बघून जो निर्णय घेतला असता, तोच मी घेतला — असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगू? मी तो घेतला कारण म्हातारीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मला वाटलं, ते कर्णिक सरांबद्दल आहे. पुढची उतरण तीव्र आहे आणि हा माणूस खाली पोचणार नाही.

म्हणून बेत बदलला. पाड्याच्या मागून सपाट पायवाट निघते, ती तासाभरात जीपच्या रस्त्याला लागते. सायसिंगने कर्णिक सरांना तिकडे नेऊन मोलगीच्या जीपमध्ये बसवायचं आणि मधल्या वाटेने उतरून आम्हाला काठावर गाठायचं. पुढे मी, बाकी सात जण माझ्या मागे. उतरणीची वाट मला पाठ होती.

सायसिंगने एकदाच माझ्याकडे पाहिलं. तो नाही म्हणाला असता तर मी ऐकलं असतं का, कोण जाणे. पण वडिलांच्या शेतापासून आजवर तो आम्हाला कधीच नाही म्हणाला नव्हता. "तुम्ही सावकाश उतरा. मी येस," एवढं बोलून त्याने कर्णिक सरांची सॅक स्वतःच्या खांद्यावर टाकली. मावशीकडून तांब्याभर पाणी घेऊन प्याला. निघाला.

आम्ही साडेचारला काठावर पोचलो. बोट होती. पाच वाजले. साडेपाच झाले. बोटवाला कुरकुरायला लागला. मी वर बघत होते. समोरचा अख्खा उतार वाळलेल्या गवताचा, पिवळा, त्यावर कुठे काही हलताना दिसत नव्हतं. मी दोनदा शिट्टी वाजवली, उत्तर आलं नाही. सूर्य डोंगराआड गेल्यावर मी पाहुण्यांना बोटीत बसवलं. मनाची समजूत घातली की जीप उशिरा आली असेल, तो मावशीकडे परत गेला असेल, आता निवांत जेवत असेल. त्या समजुतीवर मी रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावरच्या माणसांना तो सापडला. मधल्या वाटेवर, गवतातून पाय घसरून खालच्या कातळावर. पंचनाम्यात अपघात लिहिलं, आणि ते खरंच आहे. कर्णिक सर जीपने सुखरूप मोलगीला पोचले, दोन दिवसांत गुडघाही बरा झाला. म्हणाले, सायसिंगने जीप सुटेपर्यंत माझा हात सोडला नाही, मग पळतच निघाला.

म्हणजे त्याच्या मरणाचं स्पष्टीकरण माझ्याकडे पुरेपूर आहे. उपाशी माणूस, दुप्पट चाल, बोटीची घाई. तिन्ही माझ्यामुळे. यात अमानवीय काही नाही, काही कमी पडलंच असेल तर ते माझं माणूसपण.

स्पष्टीकरण नाही ते सकाळचं. मी सगळं तपासून पाहिलं. सायसिंगला भाऊ नाही, त्याच्यासारखा दिसणारा कुणी त्या बाजूला नाही. ठुमलीबाईचा गोंधळ झाला म्हणावं तर दहा माणसांचा निरोप तिला नीट आठवत होता; एकाचं पीठ तिने परत टाकलेलं डब्यात दिसत होतं. नंतर मी तिला खोदून खोदून विचारलं. तो अंगणातच उभा होता, आत आला नाही, एवढंच बोलून नाल्याच्या वाटेने परत गेला, म्हणाली. पाय भिजलेले होते. तिला त्यात नवल वाटलं नाही, कारण नाल्यावरून येणाऱ्याचे पाय भिजतातच. पण दोन तासांच्या चढणीवर, त्या उन्हात, पाय ओले कसे राहतील?

आणि जो इतका आधी येऊन सांगून गेला, त्याने नक्की कुणासाठी सांगितलं? मावशीला की मला? मी ते वाक्य मनावर घेतलंच नसतं तर कर्णिक सर आमच्याबरोबर हळूहळू उतरले असते, सायसिंग पुढे असता, आणि काठावर त्याने बोटवाल्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली असती. मी आयुष्यात एकदाच अशा गोष्टीवर विश्वास ठेवला आणि तो चुकीच्या माणसासाठी ठेवला. यावर मी तीन वर्षं विचार करते आहे. सहली मी बंद केल्या.

आता जे सांगण्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

आठवड्याने मी सायसिंगच्या घरी गेले. त्याची बायको मोगीबाई दाराशी बसली होती. ठुमलीबाई पाड्यावरून आली होती, तीही शेजारीच. मी तिथे काय ऐकायला लागेल याची तयारी करून गेले होते: शिव्या, रडणं, त्याला का पाठवलं हा प्रश्न. मोगीबाईने यातलं काहीच केलं नाही. माझा हात धरला आणि एकच विचारलं.

"तो जेवून निघाला होता ना?"

मी म्हटलं, "हो. जेवला. दोन भाकरी खाल्ल्या."

ठुमलीबाईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलणार. तिने मान खाली घातली आणि मोगीबाईला सांगितलं, "दाळ पुन्हा मागून घेतली त्याने."

मोगीबाईने डोळे पुसले. बरं झालं, म्हणाली. मग उठली, चूल पेटवली, आम्हा दोघींसमोर पानं मांडली आणि आधी मला वाढलं.

मी जेवले.